कोरड्या गावांचा समुद्र

आमच्या धाराशिव जिल्ह्यातून सरळ पश्चिमेला रेघ मारली तर समुद्र तीनशे किलोमीटरहून जास्त लांब पडतो. आमच्याकडे पाणी म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो टँकर, आटलेली विहीर, नाहीतर पाझर तलावाचा भेगाळलेला तळ. मी स्वतः मोटार वायंडिंगचे दुकान चालवतो. शिक्षण बारावीपर्यंत. वाचनाचा नाद तेर गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयाने लावला. त्यामुळे आसपासच्या शाळा मला अधूनमधून तेरचा इतिहास सांगायला बोलावतात.

अशाच एका शाळेत मी नेहमीचे व्याख्यान देत होतो. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकात एका अनाम ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी वाटांच्या पुस्तकात तगरचे नाव आहे. इथले साधे कापड, मलमल असा माल भडोच बंदरात जाई आणि तिथून जहाजाने समुद्रापार. तेरला सापडलेली हस्तिदंती बाहुली इटलीत पोंपेईला सापडलेल्या बाहुलीशी नाते सांगते. हे सगळे सांगून झाल्यावर नववीतली एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, “सर, माल गेला म्हणता. पण इथलं माणूस गेलं का समुद्रापार?”

मला उत्तर देता आले नाही. वीस वर्षे मी मालाबद्दल बोलत होतो, माणसाबद्दल विचारच केला नव्हता. त्या प्रश्नाने मला एका वेगळ्याच वाटेला लावले. लहानशा शिडाच्या होडीतून माणसे महासागर कशी ओलांडतात, आणि ती माणसे कुठून येतात, हे मी शोधू लागलो. त्या शोधाचा हा वृत्तांत.

बैलगाडी आणि वारा

आधी एक गैरसमज दूर करतो. आमच्या भागात अभिमानाने सांगितले जाते की तेरणा नदीतून जहाजे थेट तेरपर्यंत येत. ‘पेरिप्लस’मध्ये मात्र वेगळेच आहे. पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर आणि तगर पैठणच्या पूर्वेला आणखी दहा दिवसांच्या वाटेवर. माल यायचा तो गाड्यांतून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून. शिवाय तेरणा मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला. म्हणजे तेरचे पाणी जाते पूर्वेच्या समुद्राला आणि तेरचे कापड जात होते पश्चिमेच्या. नदीचा इथे उपयोग नव्हता. बैलांनी महिनाभर ओढलेला माल समुद्रावर वाऱ्याच्या हवाली व्हायचा.

त्या वाऱ्याचे वेळापत्रक ठरलेले होते. इजिप्तकडून जहाजे जुलैच्या सुमारास निघत, नैऋत्य मोसमी वारा त्यांना भारताकडे ढकलत आणी. हिवाळ्यात वारा उलटा, ईशान्येकडून वाहू लागला की ती परत जात. आपल्याला पाऊस देणारा वारा तोच. आमचा शेतकरी आणि तो ग्रीक व्यापारी, दोघेही एकाच वाऱ्याची वाट पाहत होते.

आजही शिडाच्या होडीचे पहिले शास्त्र हेच आहे: कधी निघायचे.

दिवाडी बेटावरची होडी

आपल्या काळातली गोष्ट सुरू होते ती मात्र समुद्रापासून दूर. निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी हे १९७१च्या युद्धातले वीरचक्राचे मानकरी. निवृत्तीनंतर ते फलटणजवळच्या विंचुर्णी गावात राहत. तोही दुष्काळी पट्टाच. भारतीय माणसाने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी, आणि होडीही भारतात बांधलेली असावी, हा ध्यास त्यांचा. ‘सागर परिक्रमा’ या उपक्रमाचे मूळ तिथे आहे.

ते मनावर घेतले नौदलातील अधिकारी दिलीप दोंदे यांनी. गोव्यात मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांचा होड्या बांधण्याचा छोटा कारखाना आहे. तिथे डच आराखड्यावरून ५६ फुटी ‘म्हादेई’ तयार झाली. हलक्या लाकडाच्या पट्ट्या आणि त्यावर काचतंतूचे आवरण, अशी तिची काया. मांडवी नदीचे वरच्या अंगाचे नाव म्हादेई, तेच होडीला दिले. २००९च्या फेब्रुवारीत ती नौदलात दाखल झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दोंदे मुंबईहून एकटे निघाले, वाटेत चार बंदरांत थांबले आणि मे २०१० मध्ये परतले. एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय.

पण मला ओढ होती ती एकट्याच्या नव्हे, तर अनेकांनी मिळून केलेल्या प्रवासाची. ती वाट आधीच चालून झाली होती. सप्टेंबर १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात लष्कराच्या इंजिनिअर दलातील अधिकाऱ्यांनी ‘तृष्णा’ या अवघ्या ३७ फुटी होडीतून जगाला फेरी घातली होती. त्यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे ‘तारिणी’. म्हादेईचीच धाकटी बहीण, त्याच कारखान्यात बांधलेली आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये नौदलात आलेली. १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून सहा महिला अधिकारी तिच्यातून निघाल्या. वर्तिका जोशी या कप्तान. सोबत प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, एस. विजया देवी, बी. ऐश्वर्या आणि पायल गुप्ता. त्यांना तयार केले होते दिलीप दोंदे यांनीच.

२५४ दिवसांनी, २१ मे २०१८ रोजी, त्या गोव्याला परतल्या. त्यातले १९९ दिवस पाण्यावर.

२१,६०० कुठून आले?

या प्रवासाच्या बातम्यांत एक आकडा वारंवार येतो: २१,६०० सागरी मैल. मला वाटले, होडीवरच्या मीटरचा आकडा असेल. तसे नाही. वर्तुळाचे अंश ३६०, प्रत्येक अंशाच्या कला ६०. गुणाकार करा, २१,६०० येतात. पृथ्वीवरची एक कला म्हणजेच एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. जगाला फेरी घातली असे म्हणायचे तर किमान पृथ्वीच्या घेराएवढे अंतर कापले पाहिजे, सगळी रेखावृत्ते ओलांडली पाहिजेत, विषुववृत्त दोनदा पार केले पाहिजे, सुएझ-पनामासारखे कालवे टाळले पाहिजेत आणि निघाल्या बंदरी परतले पाहिजे. सर्वसाधारणपणे हे नियम मानले जातात.

आता २१,६०० ला १९९ ने भागा. दिवसाला सुमारे १०८ सागरी मैल, म्हणजे दोनशे किलोमीटर. तासाला साडेआठ किलोमीटर भरले. आमच्या गावातला दूधवाला सायकलवर यापेक्षा जोरात जातो. फरक एवढाच की होडी रात्रीही थांबत नाही. महासागर ओलांडण्याचे गुपित वेगात नाही, ते न थांबण्यात आहे.

चिंचोक्याचा न्याय

वारा मागून आला तर शीड होडीला पुढे ढकलते, हे कुणालाही कळते. पण वारा समोरून तिरका येत असताना होडी पुढे कशी जाते? हे समजायला मला महिना लागला.

ओला चिंचोका दोन बोटांत धरून दाबा. दाब दोन्ही बाजूंनी असतो, पण चिंचोका निसटतो तो पुढे. होडीचे तसेच आहे. शीड सपाट नसते, त्याला फुगवटा असतो. तिरका वारा त्यावरून वाहताना फुगऱ्या बाजूला दाब कमी होतो आणि शीड त्या बाजूला ओढले जाते. ही ओढ थोडी पुढची, बरीचशी आडवी. आडवी ओढ अडवते ती होडीच्या तळाखालची जड, उभी पाती. पाण्यात ती आडवी सरकू देत नाही, मग होडीला पुढे जाण्यावाचून वाट उरत नाही. हीच जड पाती होडी कलंडली तरी तिला पुन्हा उभी करते. अगदी समोरच्या वाऱ्यात मात्र कुठलीच होडी जात नाही. तिथे नागमोडी जावे लागते, घाटातल्या रस्त्यासारखे.

वारा वाढला की शीड आखडून लहान करायचे. अनुभवी खलाशांचा यात एक साधा नियम आहे: आखडावे का, असा विचार मनात आला, त्याच क्षणी आखडावे. नंतर उशीर झालेला असतो.

सप्टेंबरातच का?

तारिणी सप्टेंबरात का निघाली? पावसाळी वारा उतरणीला लागलेला असतो. विषुववृत्ताजवळ वारा पडलेला पट्टा लागतो. तिथे कधी कधी दिवसच्या दिवस शीड लोंबकळत राहते. त्यापुढे दक्षिणेत चाळीस अंशांखाली उतरले की पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे मिळतात. तिथे त्यांना अडवायला जमीनच जवळपास नाही, म्हणून लाटाही प्रचंड. प्रदक्षिणा करणारे बहुतेक जण याच वाऱ्यांवर स्वार होऊन पूर्वेला जातात. मात्र दक्षिण अमेरिकेच्या टोकाचे केप हॉर्न डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात गाठावे लागते. तिकडे तेव्हा उन्हाळा असतो. तारिणीने जानेवारी २०१८ मध्ये केप हॉर्न पार केले. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ले, केप टाऊन हे तिचे ठरलेले मुक्काम. न्यूझीलंडमधील लिटलटनपासून पोर्ट स्टॅन्लेपर्यंत सुमारे चाळीस दिवस जमीन नाही.

म्हणजे आपल्याकडची पेरणी आणि ही सफर, दोन्हीत सूत्र एकच. वेळ साधली तर निम्मे काम झाले.

विहिरीची पाळी

माझ्या वडिलांची आणि चुलत्यांची विहीर सामाईक होती. चार दिवस आमची पाळी, चार दिवस त्यांची. वीज रात्री यायची, तेव्हा दोन भाऊ आलटून पालटून जागत. एक दारे धरी, एक बांधावर झोपे. त्यामुळे समुद्रावरच्या पाळ्या मला लगेच कळल्या.

सहा माणसे असली की तीन जोड्या होतात. एक जोडी चार तास जागी, मग आठ तास मोकळी. त्या आठ तासांत झोप, स्वयंपाक, दुरुस्ती, हवामानाचा अंदाज पाहणे. वादळात मोकळे कुणीच नसते. पाळीवर असलेल्याचे काम सुकाणू धरणे, शिडाचा ताण सांभाळणे, क्षितिजावर जहाज दिसते का पाहणे. अंगात पट्टा आणि पट्ट्याची दोरी होडीला अडकवलेली. कारण रात्री, उंच लाटांत पाण्यात पडलेले माणूस पुन्हा सापडणे फार अवघड.

दोन माणसे असली की हिशेब बदलतो. ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ या काळात त्याच तारिणीतून नौदलाच्या दिलना आणि रूपा या दोघींनीच प्रदक्षिणा केली. दोघीच म्हणजे एक जागी तर दुसरी झोपलेली. बोलायला सोबत अशी पाळी बदलतानाच. त्यांच्या वाटेत पॉइंट निमो होता, कुठल्याही जमिनीपासून सर्वांत दूरची समुद्रावरची जागा. तिथून जवळची जमीन २,६८८ किलोमीटरवर. डोक्यावरून जाणारे अंतराळ स्थानक साधारण चारशे किलोमीटरवर. तिथे असताना सगळ्यांत जवळची माणसे आकाशात असतात.

मग जास्त माणसे नेलेली बरी का? हात वाढतात, झोप मिळते. पण पाणी, अन्न आणि रुसवेफुगवेही वाढतात. छप्पन फुटांत, म्हणजे आमच्या साधारण दीड बसएवढ्या लांब जागेत, सहा जणींना महिनोन् महिने राहायचे. रागावून माळवदावर जाऊन बसायची सोय नाही. म्हणून अशा तुकडीचे प्रशिक्षण वर्षानुवर्षे चालते. शिडाच्या गाठी काही आठवड्यांत येतात, एकमेकांची थकण्याची पद्धत ओळखायला वेळ लागतो.

पाण्यातले पाण्याचे दुर्भिक्ष

२०१६च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले. तेव्हा आमच्या घरी पाणी मोजून वापरायचो: प्यायचे वेगळे, भांड्यांचे वेगळे, भांडी धुतलेले झाडांना. होडीतला हिशेब वाचताना मला तो उन्हाळा आठवला.

गणित सोपे आहे. माणशी रोज चार लिटर धरले, सहा माणसे, चाळीस दिवस. ९६० लिटर होतात. छतावरच्या पाचशे लिटरच्या दोन काळ्या टाक्या, वजन जवळपास एक टन. एवढे ओझे घेतले तर होडी जड. म्हणून समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र नेतात. गावोगावी जारचे पाणी ज्या पद्धतीने शुद्ध होते तीच पद्धत: बारीक पडद्यातून पाणी जोराने दाबायचे, मीठ मागे राहते. पण यंत्राला वीज लागते, वीज सौर पट्ट्यांतून किंवा इंजिनातून. आभाळ दिवसेंदिवस झाकलेले असेल तर? म्हणून राखीव साठा हवाच आणि पावसात शिडावरून ओघळणारे पाणी धरायची तयारीही. अंघोळ, भांडी खाऱ्या पाण्यात.

स्वयंपाकाची शेगडी झोक्यासारखी टांगलेली असते. होडी कलली तरी भांडे समतल राहते. आणि पहिले दोन-तीन दिवस ते भांडे पाहावेसेही वाटत नाही! मी मालवणला एका ओळखीच्या नाखव्याच्या होडीतून दोन तास फिरलो आणि दोन्ही तास काठावर वाकून काढले. कान सांगतो आपण हलतो आहोत, डोळ्यांना समोरची फळी स्थिर दिसते. या दोन साक्षींच्या भांडणात पोट ढवळते. नाखवा म्हणाला, “भाऊ, खाली बघू नका, क्षितिजाकडे बघा.” उपाय खरा होता. बहुतेकांना दोन-तीन दिवसांत सवय होते.

मोडले तर?

माझ्या धंद्यात जळालेली मोटार घेऊन शेतकरी दुकानात येतो. समुद्रावर दुकान नाही. तारिणी केप टाऊनहून परतत असताना तिच्या सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला. सुकाणू गेले तर होडी लाटांना आडवी पडू शकते. घर जवळ आले होते, तरीही त्यांनी वाट वळवली आणि एप्रिल २०१८ मध्ये मॉरिशसचे पोर्ट लुई बंदर गाठले. ठरल्या मुक्कामांत ते नव्हते. दुरुस्ती करून मगच त्या गोव्याकडे निघाल्या. या सफरीतले केप हॉर्न सगळ्यांना आठवते. मला हा निर्णय जास्त मोठा वाटतो.

आणि मॉरिशस या नावापाशी मला त्या मुलीच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळाले. एकोणिसाव्या शतकात मुंबईहून शिडाच्या जहाजांतून मराठी मजूर मॉरिशसला ऊस तोडायला गेले. करारावर गेलेली ती गरीब कुटुंबे तिथेच राहिली. त्यांची मुले-नातवंडे आजही तिथे गणपती बसवतात. माणसे गेली होती तर! फक्त ती हौसेने नव्हे, पोटासाठी गेली. आमच्याकडून दरवर्षी दसरा-दिवाळीला ऊसतोडीला निघणाऱ्या गाड्या पाहताना आता मला ती जहाजे आठवतात.

कुठून आल्या त्या?

उरलेले निम्मे उत्तर तारिणीच्या तुकडीत होते. मी सहाही जणींची मूळ गावे शोधली. वर्तिका जोशी ऋषिकेशच्या. प्रतिभा जामवाल हिमाचलातल्या कुलूच्या. पायल गुप्ता डेहराडूनच्या. विजया देवी मणिपूरच्या. ऐश्वर्या हैदराबादच्या. समुद्रकाठची एकच, विशाखापट्टणमच्या स्वाती. सहातल्या पाच जणी अशा ठिकाणच्या, जिथे समुद्र नाही. हिमालयाच्या कुशीतली मुलगी केप हॉर्न ओलांडते. मग बालाघाटाच्या माळावरच्या मुलीला कोणती अडचण?

त्यानंतर आणखी एक होडी पाण्यावर उतरली. ११ सप्टेंबर २०२५ रोजी मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाहून ‘त्रिवेणी’ निघाली. भूदल, नौदल, हवाईदल अशा तिन्ही दलांतल्या दहा महिला अधिकारी तिच्यात होत्या आणि नेतृत्व लेफ्टनंट कर्नल अनुजा वरुडकर यांच्याकडे होते.

हे सगळे घेऊन मी पुन्हा त्या शाळेत गेलो. फळ्यावर नकाशा काढला, पाच कोरडी गावे दाखवली. ती मुलगी आता दहावीत होती. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “पण सर, मला पवताच येत नाही.” मी वर्गाला विचारले, पोहता कुणाला येते? मुलांचे निम्म्याहून जास्त हात वर गेले. पाठीला डबा बांधून विहिरीत ढकलले की आमच्याकडे मुलगा पोहायला शिकतो. मुलींचा एकही हात वर नव्हता. विहिरीवर मुलींनी धुणे धुवायचे, पोहायचे मुलांनी, असा आमचा रिवाज.

माझ्या शोधाचे सार एवढेच निघाले. अंतर तीनशे किलोमीटरचे नाही, विहिरीच्या काठापासून पाण्यापर्यंतच्या आठ पायऱ्यांचे आहे. मी त्या दिवशी शाळेतल्या बाईंशी बोललो, पालकांशी बोललो. काही हसले. एकाने विचारले, “पवून काय करायचंय पोरीला?” मी त्याला तारिणीची गोष्ट सांगितली नाही. एवढेच म्हणालो की दरवर्षी आपल्या तलावांत, विहिरींत लेकरे बुडतात, त्यांत मुलीही असतात. तो गप्प झाला.

मागच्या उन्हाळ्यात त्या मुलीच्या मामाच्या विहिरीत पाणी टिकले होते. मामीने काठावर उभे राहून दोर धरला, आणि पाच मुली डबे बांधून पाण्यात उतरल्या. दोघींचे डबे आता सुटले आहेत.